भुट्ट्याचा कीस आणि चार नकार

गेल्या पावसाळ्यात आमची भिशी इंदूरच्या रामबागेतल्या एका मैत्रिणीकडे होती. तिने भुट्ट्याचा कीस केला होता. कोवळी कणसं किसून, हिंग-मोहरी-हिरव्या मिरचीच्या फोडणीवर परतून, दुधात मऊ शिजवलेला, वर ओलं खोबरं आणि लिंबू. पातेलं मधोमध आलं आणि चौघींनी चार वेगवेगळी कारणं सांगून वाट्या परत केल्या. एकीचं कीटो डाएट चालू होतं, तिला मक्यातला स्टार्च नको. दुसरी पॅलिओवाली, तिच्या यादीत मका धान्य म्हणून बाद आणि दूध दूध म्हणून बाद, म्हणजे कीस दोन्ही विषयांत नापास. तिसरी साउथ बीच डाएटच्या पहिल्या पंधरवड्यात होती. चौथी दीक्षित पद्धतीने दोनदाच जेवते. तिची किसाबद्दल काहीच तक्रार नव्हती, घड्याळाबद्दल होती.

मी कॉलेजात बरीच वर्षं जीवरसायनशास्त्र शिकवलं, त्यामुळे "तूच सांग, यातलं खरं कुठलं?" हा प्रश्न माझ्याकडे आला. तेवढ्यात चहा आला, एकीचा बिनसाखरेचा, एकीचा बिनदुधाचा, आणि माझं उत्तर अर्धवट राहिलं. ते इथे पुरं करते.

आधी पोटात काय होतं ते पाहू. पोळी, भात, पोहे, साबुदाणा, बटाटा, साखर, गूळ, यांतली कर्बोदकं, ज्यांना आता घरोघरी कार्ब्स म्हणतात, शेवटी मुख्यतः ग्लुकोज होऊन रक्तात उतरतात. ग्लुकोज वाढलं की स्वादुपिंड इन्सुलिन सोडतं. इन्सुलिन हा कोठारावरचा मुनीम. आलेला माल आत घ्या, आणि जुना साठा तूर्त बाहेर काढू नका, हे दोन्ही हुकूम त्याचेच. ग्लुकोजचा हाताशी ठेवायचा साठा म्हणजे ग्लायकोजेन. तो यकृतात शंभरेक ग्रॅम आणि स्नायूंत चारेकशे ग्रॅम असतो, आणि दर ग्रॅमबरोबर सुमारे तीन ग्रॅम पाणी धरून बसतो. कार्ब्स तोडले की एक-दोन दिवसांत यकृतातला साठा रिकामा होतो, स्नायूंतलाही उतरू लागतो आणि त्याच्याबरोबरचं पाणी लघवीवाटे निघून जातं. पहिल्या आठवड्यात "दोन किलो उतरलं हो!" म्हणून जे फोन येतात, त्यातला मोठा वाटा या पाण्याचा असतो. लग्नाच्या पंगतीत दोन दिवस जेवलं की ते परत येतं, आणि मग डाएट "सुटल्याचं" दुःख होतं. चरबी इतक्या घाईने ना जाते ना येते.

कार्ब्स फारच कमी केले, म्हणजे दिवसाला २० ते ५० ग्रॅमच्या आत, तर यकृत चरबीपासून कीटोन नावाची रसायनं बनवायला लागतं. मेंदूला चरबी थेट वापरता येत नाही, पण कीटोन वापरता येतात. ही उपाशी माणसाला जगवण्याची जुनी सोय आहे. त्यातला एक कीटोन म्हणजे ॲसिटोन, नेलपॉलिश पुसायच्या बाटलीतला. म्हणून कीटोवाल्यांच्या तोंडाला तो विशिष्ट वास येतो. भिशीत कुणी बोललं नाही, पण येतो.

कार्ब्स कमी करून वजन उतरवायची कल्पना मुळीच नवी नाही. लंडनमध्ये विल्यम बँटिंग नावाचे अंत्यसंस्काराची व्यवस्था करणारे गृहस्थ होते. बुटाची नाडी बांधायला वाकता येत नसे, जिना उलटं होऊन उतरावा लागे. डॉक्टरांच्या सल्ल्याने त्यांनी पाव, साखर, बटाटे, बिअर सोडली, वर्षभरात वीसेक किलो वजन घटवलं आणि १८६३ मध्ये स्वतःच्या खर्चाने त्यावर पुस्तिका काढली. कीटोचा उगम मात्र वजनाशी संबंधित नाही. उपाशी राहिल्यावर फिट्स कमी येतात हे डॉक्टरांच्या लक्षात आलेलं होतं. १९२१ मध्ये अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकचे रसेल वाइल्डर यांनी उपास न घडवता उपासाचा परिणाम साधणारा आहार सुचवला. मुलांच्या हट्टी अपस्मारात तो आजही वापरतात, डॉक्टरांच्या देखरेखीखाली, आणि त्याच्या कडक रूपात सुमारे नव्वद टक्के उष्मांक चरबीतून येतात. आपल्याकडचे लोक सकाळी कॉफीत लोणी घालतात, तो या उपचाराचा फार दूरचा नातेवाईक.

आता किसाची ती वाटी समोर ठेवूनच एकेक डाएट बघू. एका कणसाचे दाणे साधारण शंभर ग्रॅम धरले तर त्यात १९-२० ग्रॅम कार्ब्स, दुधाचे पाचेक. म्हणजे वाटीभर किसात पंचवीसच्या आसपास.

कीटोत दिवसाचाच कोटा २० ते ५० ग्रॅम, म्हणून वाटीत अर्धा किंवा अख्खा दिवस संपतो. ॲटकिन्स हे त्याचं जरा समंजस भावंड. न्यूयॉर्कचे हृदयरोगतज्ज्ञ रॉबर्ट ॲटकिन्स यांनी ते १९७२ मध्ये लोकांपुढे आणलं. पहिले दोन आठवडे २० ग्रॅम, आणि मग दर आठवड्याला थोडे थोडे वाढवत आपलं वजन कुठे थांबतं ते शोधायचं. म्हणजे कीस कायमचा बाद नाही, नंबर उशिरा लागतो. माझ्या पाहण्यात बहुतेक जण पहिल्या पायरीवर दोन आठवडे काढतात आणि तिथूनच थेट राजवाड्यावर, म्हणजे खाऊगल्लीत, उतरतात. पुढच्या पायऱ्या कुणी चढत नाही.

साउथ बीच हे मायामीचे हृदयरोगतज्ज्ञ आर्थर ॲगॅटस्टन यांचं, २००३ मध्ये गाजलेलं. हृदयाच्या धमन्यांतलं कॅल्शियम मोजायचा जो स्कोअर सीटी स्कॅनच्या रिपोर्टात येतो, त्यालाही त्यांचंच नाव आहे. पहिले दोन आठवडे धान्य, फळं, साखर बंद. पण डाळी आणि उसळी पहिल्या दिवसापासून चालतात. नंतर अख्खी धान्यं आणि फळं हळूहळू परत येतात. चरबी कुठली, याकडे लक्ष दिलेलं असतं. लोण्याचा लोळ नाही. शाकाहारी घराला या परदेशी यादीतलं हे सगळ्यात पचण्यासारखं, आणि आपल्याकडे सगळ्यात कमी माहीत असलेलं, कारण यात मिरवण्यासारखं काही नाही.

झोनमध्ये ४० टक्के उष्मांक कार्ब्समधून, ३० प्रथिनांतून, ३० चरबीतून. कीस चालेल, पण बरोबर अंडी किंवा पनीर हवं. दर जेवणाचा हिशेब मांडत बसणं ज्याला आवडतं त्याने करावं. ड्यूकन हे फ्रान्समधलं, जवळजवळ निव्वळ प्रथिनांवर सुरू होणारं. नाव ऐकून इंदुरात सगळ्यांना छप्पन दुकान हा खाऊबाजार आठवतो, त्यापलीकडे शाकाहाऱ्याला त्यातून घेण्यासारखं फारसं नाही.

पॅलिओचं तत्त्व असं की शेती सुरू होण्याआधी माणूस जे खात होता तेच त्याला मानवतं. म्हणून धान्य नाही, डाळी नाहीत, दूध नाही, साखर नाही. मांस, मासे, अंडी, भाज्या, फळं, सुका मेवा चालतो. बाजारचं पॅकेटबंद खाणं यात आपोआप सुटतं, हा मोठा फायदा. इतिहास मात्र थोडा ओढूनताणून बसवलेला आहे. निअँडरथल माणसाच्या दातांवरच्या किटणातसुद्धा शिजवलेल्या दाण्यांचे स्टार्चकण सापडले आहेत. ते लोक आमच्या भिशीत आले असते तर कीस चाटूनपुसून खाल्ला असता, असा माझा अंदाज.

दीक्षित पद्धत खरं म्हणजे लो-कार्ब नाहीच. पण मराठी घरात वजनाचा विषय निघाला की तिचं नाव निघणारच, त्यामुळे तिला यादीबाहेर ठेवून चालणार नाही. डॉ. श्रीकांत जिचकर यांच्या कल्पनेवरून डॉ. जगन्नाथ दीक्षित यांनी ती घरोघर पोचवली. कडकडून भूक लागते त्या दोन वेळा ओळखायच्या, प्रत्येक जेवण ५५ मिनिटांत संपवायचं, मधे काही खायचं नाही, रोज चालायचं. काय खावं यापेक्षा किती वेळा खावं यावर भर. प्रत्यक्षात काय होतं? सकाळच्या चहाची साखर, अकराचं बिस्किट, पाचचा चिवडा, दुकानातून येताना तोंडात टाकलेली कचोरी, हे सगळं गळतं. हे सगळे कार्ब्सच. म्हणजे मागच्या दाराने कार्ब्स कमी झालेच.

इतकी वेगळी दिसणारी ही डाएट्स परिणामात किती वेगळी ठरतात?

कार्ब्समुळे इन्सुलिन वाढतं आणि म्हणूनच चरबी साठते, या सिद्धांतावर सगळी भिस्त ठेवणाऱ्यांना एक प्रयोग अडचणीचा आहे. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत केव्हिन हॉल यांनी २० जणांना चार आठवडे तिथेच ठेवलं. दोन आठवडे कीटोच्या वळणाचा मांसाहार, दोन आठवडे कमी चरबीचा शाकाहार, आणि दोन्ही वेळा हवं तेवढं खा. २०२१ मध्ये निकाल छापून आला. कमी चरबीच्या, म्हणजे भरपूर कार्ब्सच्या आहारावर इन्सुलिन जास्त होतं, पण माणसं रोज सुमारे ७०० कॅलरी आपणहून कमी खात होती. मुनीम दोषी आहे, पण एकटा नाही. पोट कशाने भरतं, हाही प्रश्न आहे.

मोठ्या चाचण्यांचं म्हणणं त्याच दिशेचं. अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठात ख्रिस्तोफर गार्डनर यांनी ६०९ जणांना दोन गटांत विभागलं, एक लो-कार्ब, एक लो-फॅट. दोघांनाही साखर-मैदा टाळायला आणि घरचं ताजं खायला सांगितलं. वर्षाअखेर पहिल्या गटाचं वजन सरासरी ६ किलो कमी, दुसऱ्याचं ५.३. फरक नगण्य. शिवाय कुणाला कुठलं डाएट लागू पडेल हे जनुकं पाहून किंवा इन्सुलिन मोजून आधी सांगता येतं का, तेही तपासलं, नाही आलं. अनेक चाचण्या एकत्र तपासणाऱ्या कोक्रेन संस्थेच्या २०२२ च्या आढाव्यात ६१ चाचण्या आणि जवळपास सात हजार माणसं होती. लो-कार्ब आणि संतुलित आहार यांच्यात वजनाचा फरक सरासरी एक किलोच्या आसपास निघाला.

मला मात्र या सरासरीपेक्षा तिच्या पोटातली गोष्ट जास्त बोलकी वाटते. स्टॅनफर्डच्या त्या दोन्ही गटांत काहींचं वजन पंचवीस-पंचवीस किलोंनी उतरलं आणि काहींचं वाढलं. म्हणजे दोन डाएट्समधल्या फरकापेक्षा एकाच डाएटवरच्या दोन माणसांमधला फरक कितीतरी मोठा. भिशीतल्या दोघी एकमेकींना "माझं बघ, तुझं सोड" म्हणतात तेव्हा दोघीही खऱ्या असू शकतात.

वजनापलीकडे बघितलं तर लो-कार्बची बाजू जरा जड होते. रक्तातली साखर उतरते, ट्रायग्लिसराइड्स ही रक्तातली चरबी उतरते, एचडीएल म्हणजे चांगलं कोलेस्टेरॉल थोडं वाढतं. टाइप टू मधुमेहींच्या २३ चाचण्या एकत्र पाहिल्या तेव्हा सहा महिन्यांनी लो-कार्ब गटात ५७ टक्के लोकांची साखर मधुमेहाच्या रेषेखाली आली होती, दुसऱ्या गटात ३१ टक्के. वर्ष उलटेपर्यंत ही आघाडी बरीचशी विरली, बहुधा तोवर लोकांचा डाएट पाळायचा उत्साहही विरला म्हणून. आणि लोणी, चीज, मांस यांवर भर दिला तर काहींचं एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, चढतं, कधी कधी चांगलंच. कीटो सुरू करणाऱ्याने आधी एकदा आणि तीन महिन्यांनी पुन्हा लिपिड प्रोफाइल करून घ्यावं. आरशात बारीक दिसणं आणि धमन्या स्वच्छ असणं, ही दोन वेगळी खाती आहेत.

हे आपल्याला अधिकच लागू, कारण आपण दिसतो तितके बारीक नसतो. पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांनी २००४ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात स्वतःचे दोघांचे फोटो छापले होते. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, २२.३. शरीरातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२. हात-पाय काटकुळे, पोट पुढे आणि स्नायू कमी, हा आपला सर्वसाधारण नमुना. त्यामुळे डाएटमध्ये नुसतं काय काढलं यापेक्षा प्रथिनं किती आली याला आपल्याकडे जास्त महत्त्व.

आणि इथे शाकाहारी कीटोची गोची होते. तीस ग्रॅम तुरीच्या डाळीच्या वाटीभर वरणात पंधराएक ग्रॅम कार्ब्स येतात. म्हणजे कीटोत वरणच बसत नाही! मूग, मटकी, चणे, बेसन, सगळी आपली पिढीजात प्रथिनं दाराबाहेर. उरतं पनीर, चीज, खोबरं, बदाम, तूप आणि पालेभाज्या. महिनाभर ठीक. तीन वर्षं ते करणारं घर माझ्या पाहण्यात नाही, आणि पनीरचा खर्चही लहान नव्हे.

आता आमच्या इंदुरी दिवसाचा हिशेब मांडते. सकाळी पोह्यांची प्लेट, वर सेव आणि जीरावण मसाला: पन्नास ग्रॅमच्या आसपास (जिलेबी धरलेली नाही, दुःख नको). दुपारी तीन पोळ्या, पोळीमागे वीस धरून साठ, वाटीभर भात पस्तीस-चाळीस, वरण पंधरा. दोन चहा आणि बिस्किटं पंचवीस. रात्री तीन पोळ्या आणि आमटी, पंचाहत्तर. बेरीज २६० च्या वर. कार्ब्सच्या ग्रॅमला चार कॅलरी, म्हणजे हजाराच्या वर कॅलरी त्यातूनच. दिवसाच्या साठ टक्के. गंमत अशी की आयसीएमआर-इंडियॅब हा देशभरचा अभ्यास २०२५ मध्ये हेच सांगतो: भारतीय माणूस सरासरी ६२ टक्के उष्मांक कार्ब्समधून घेतो. तोच अभ्यास असंही सांगतो की मैदा-पांढरा भात जाऊन त्याजागी कणीक किंवा भरडधान्य आलं, पण एकूण कार्ब्स तेवढेच राहिले, तर मधुमेहाचा धोका कमी झालेला दिसत नाही. कार्ब्सचा थोडा वाटा डाळी किंवा दुधाच्या प्रथिनांना दिला तर दिसतो.

हे वाचून मला बरं वाटलं, कारण ज्वारीच्या भाकरीवरून माझे घरात वाद होतात. भाकरी चांगली, चोथा जास्त, पोट टिकतं. पण ज्वारीच्या पिठातही दोनतृतीयांशाहून जास्त कार्ब्सच असतात. "मी पोळी सोडली, भाकरी खातो" म्हणून चार भाकऱ्या खाणाऱ्याने काहीच सोडलेलं नाही. गुळाचंही तेच. उपासाबद्दल तर बोलूच नये: साबुदाण्यात जवळजवळ निव्वळ स्टार्च, प्रथिनं नावापुरती. एकादशी अन् दुप्पट खाशी, हे पूर्वजांनी ग्लुकोमीटर नसताना ओळखलं होतं.

मग किती कमी करायचं? इंडियॅबच्याच २०२२ च्या एका अभ्यासात नव्या मधुमेहींसाठी कार्ब्सचा वाटा ४९ ते ५४ टक्के आणि प्रथिनांचा १९-२० टक्के सुचवला होता. हे कीटोपासून फार लांब आहे आणि आपल्या ताटाच्या जवळ आहे. माझ्या घरी ते असं बसलं: पोहे अर्धे, त्यात मोड आलेले मूग, दुपारी दोन पोळ्या, भात असेल त्या दिवशी एकच, वरण-उसळ मिळून दोन वाट्या, चहात साखर नाही, संध्याकाळी भाजलेले चणे किंवा दाणे, रात्री दोन पोळ्या आणि दह्याची वाटी. फळ आणि भाज्या धरून दोनशे ग्रॅमच्या आत-बाहेर. सासूबाईंना पहिले पंधरा दिवस "भाताशिवाय जेवल्यासारखं वाटत नाही" ही तक्रार होती. ती अजून आहे.

राहिला त्या कीटोवाल्या मैत्रिणीचा मुद्दा, जो मी सगळ्यांत आधी लिहायला हवा होता. मधुमेहासाठी इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी गोळी चालू असताना कार्ब्स अचानक तोडले तर साखर एकदम खाली जाऊन चक्कर येऊ शकते. डोस आधी कमी करून घ्यावा लागतो. आणि डॅपाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन या गटातली गोळी असेल तर प्रकरण आणखी गंभीर. ती लघवीवाटे साखर बाहेर टाकते. त्यात कीटोची भर पडली की रक्तात कीटोन धोक्याच्या पातळीला जाऊन रक्त आम्लधर्मी होऊ शकतं, आणि तेही ग्लुकोमीटरवर साखर जेमतेम वाढलेली दिसत असताना. मळमळ, पोटदुखी, धाप लागणं, गळून जाणं, ही लक्षणं "कीटोची सवय होतेय" म्हणून घरी काढायची नसतात, तडक दवाखाना गाठायचा असतो. गरोदर बाया आणि मूत्रपिंडाचे रुग्ण यांनीही हे प्रयोग स्वतःच्या मनाने करू नयेत.

भिशीहून घरी आल्यावर मी तिला फोन करून गोळ्यांच्या पाकिटावरचं नाव वाचायला लावलं. अडखळत तिने "डॅपा…" म्हटलं आणि मी पुढचं म्हटलं. दुसऱ्या दिवशी ती डॉक्टरांकडे गेली. त्यांनी गोळी चालू ठेवली, कीटो बंद केलं. आता ती दुपारी दोन पोळ्या खाते. फ्रिजमध्ये उरलेलं अर्धा किलो पनीर तिने माझ्याकडे पाठवून दिलं.